‘काहीतरी असेल बुवा’: खोटं ऐकून ऐकून खरं का वाटू लागतं?

आलेला प्रश्न थोडक्यात असा: “माझे सासरे निवृत्त मुख्याध्यापक आहेत. रेशनच्या तांदळात प्लास्टिक मिसळतात, असा व्हिडिओ त्यांना आला. मी त्यांना बातमी दाखवली, समजावून सांगितलं. ‘हो, खोटं दिसतंय’ म्हणून त्यांनी मान्यही केलं. महिन्याभरानं शेजारच्या काकूंशी बोलताना ऐकलं तर तेच! ‘काहीतरी असेल बुवा, एवढे लोक उगाच बोलतात का?’ शिकलेल्या माणसाचं असं का होतं? आणि मी आता करू तरी काय?”

ताई, मी बरीच वर्षं मराठीतले व्हायरल दावे तपासायचं काम करते, आणि अधूनमधून शिक्षकांच्या, आशाताईंच्या कार्यशाळा घेते. हाच प्रश्न सासऱ्यांच्या जागी कधी आई, कधी साहेब, कधी गावचे डॉक्टर घालून सतत विचारला जातो. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुम्ही विचारलंय शिक्षणाबद्दल. पण तुमच्या प्रश्नातलं महत्त्वाचं वाक्य सासऱ्यांचं आहे. ‘तांदूळ प्लास्टिकचा आहे’ असं ते म्हणालेच नाहीत. ते म्हणाले, ‘काहीतरी असेल बुवा.’ पुन्हा पुन्हा कानावर पडण्यानं माणसाची ठाम श्रद्धा क्वचितच तयार होते. तयार होतो तो हा ‘बुवा’. आणि अफवेला तेवढा पुरतो. शेजारी सांगायला, मेसेज पुढे ढकलायला, दुकानातून तांदूळ परत करायला पूर्ण खात्री लागतच नाही.

आता हे होतं कसं. १९७७ मध्ये अमेरिकेत लिन हॅशर, डेव्हिड गोल्डस्टीन आणि थॉमस टॉपिनो या मानसशास्त्रज्ञांनी एक साधा प्रयोग केला. कॉलेजच्या विद्यार्थ्यांना दोन-दोन आठवड्यांच्या अंतरानं तीनदा बोलावलं आणि दर वेळी ६० विधानं देऊन विचारलं, हे किती खरं वाटतं? काही विधानं खरी, काही खोटी, पण सगळी ‘असेलही’ वाटण्यासारखी. त्यातली २० विधानं तिन्ही वेळा तीच होती, बाकीची दर वेळी नवी. नव्या विधानांचे गुण जिथल्या तिथे राहिले. त्या २० विधानांवरचा विश्वास मात्र वाढत गेला. कोणी पुरावा दिला नव्हता, पटवून सांगितलं नव्हतं. फक्त ती पुन्हा समोर आली होती. वाढ काही प्रचंड नव्हती, सातच्या मापात साधारण अर्धा गुण. पण तिथे एकूण तीनदाच ऐकवलं होतं आणि ऐकवणारे अनोळखी होते. आपल्याकडे सकाळच्या चहापासून रात्रीपर्यंत ऐकवणारे आपलेच साडू, वर्गमित्र आणि सोसायटीचे सेक्रेटरी असतात.

यामागे मेंदूचा आळशीपणा आहे असं सर्रास म्हणतात. मला ते पटत नाही. ओळखीची गोष्ट डोक्यात सहज शिरते, अडखळायला होत नाही, आणि ती सहजता आपण ‘बरोबर असणार’ अशी वाचतो. रोजच्या जगण्यात हा ठोकताळा बहुतेक वेळा योग्यच ठरतो, कारण आपण जे वारंवार ऐकतो त्यातलं बहुतेक खरं असतं. एस.टी. किती वाजता सुटते, हळद लावायची कधी, कोणत्या दुकानात उधारी मिळते, यातलं काहीच आपण कागदपत्रं मागून तपासत नाही. अडचण अशी की हा ठोकताळा सहजतेचं कारण विचारत नाही. १९९९ मध्ये रोल्फ रेबर आणि नॉर्बर्ट श्वार्त्स यांनी तीच विधानं कधी ठळक, कधी पुसट दिसणाऱ्या रंगांत वाचायला दिली. स्पष्ट वाचता येणारी जरा जास्त खरी ठरली. एरवी ज्या मेसेजमध्ये शुद्धलेखनाची बोंब असते, त्यातच एखादी खणखणीत आवाजातली, मोठ्या पिवळ्या अक्षरांची क्लिप का चालून जाते, ते यावरून कळावं.

शिक्षणाचं म्हणाल तर त्याचंही उत्तर आहे, आणि ते आपल्याला गंमत वाटेल असं आहे. २०१५ मध्ये लिसा फॅझिओ आणि सहकाऱ्यांनी अमेरिकन विद्यार्थ्यांना जी खोटी वाक्यं दिली त्यात एक होतं: स्कॉटलंडचे लोक घालतात त्या आखूड, चुण्यांच्या वस्त्राला साडी म्हणतात. त्या वस्त्राला किल्ट म्हणतात हे माहीत असलेल्यांनाही, असं वाक्य आधी एकदा नजरेखालून गेलेलं असलं की ते थोडं जास्त खरं वाटलं. म्हणजे ज्ञान डोक्यात होतं, पण ते कपाटात राहिलं. उत्तर देताना कोणी कपाट उघडलंच नाही. तुमच्या सासऱ्यांनी चाळीस वर्षं मुलांना विज्ञान शिकवलं असलं तरी फोन स्क्रोल करताना ते विज्ञानाच्या तासाला बसलेले नसतात.

आणखी एक गोष्ट आमच्या धंद्यात फार कमी लोक लक्षात घेतात. आपल्याला वाटतं, शंभर वेळा ऐकलं की शंभरपट परिणाम. तसं नाही. ऑम्यो हसन आणि सारा बार्बर यांनी २०२१ मध्ये हेच मोजलं, तेव्हा सगळ्यात मोठी उडी दुसऱ्या वेळी दिसली. त्यानंतर विश्वास वाढतो, पण चढ मंदावत जातो. याचा अर्थ, ‘हा मेसेज फार पसरला तर बघू’ म्हणून थांबणाऱ्याची गाडी सुटलेली असते.

बरं, शंभर तोंडंही खरी शंभर नसतात. बोकड खांद्यावर घेऊन निघालेल्या ब्राह्मणाला वाटेत तीन ठग वेगवेगळे भेटतात आणि तिघेही म्हणतात ‘कुत्रा का नेताय?’, ही गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकली आहे. त्या ठगांना निदान तीन जागी उभं तरी राहावं लागलं. २००७ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात असं आढळलं की एकाच माणसानं तेच मत तीनदा मांडलं, तरी ऐकणाऱ्याला ते बऱ्याच लोकांचं मत असल्यासारखं वाटू लागतं. तीन वेगळ्या माणसांनी मांडल्याच्या जवळपास जाईल इतकं. भावकीचा ग्रुप, निवृत्त शिक्षकांचा ग्रुप आणि भजनी मंडळाचा ग्रुप अशा तिन्हीकडे एकच क्लिप आली, तर सासऱ्यांच्या हिशेबी ते तीन साक्षीदार झाले. मूळ एकच, हे पडद्यावर दिसत नाही. २०१६ च्या नोव्हेंबरात दोन हजारांच्या नोटेतल्या ‘चिप’चं असंच झालं. मोबाइलवर फिरलेली गोष्ट काही टीव्ही वाहिन्यांवर आली, आणि मग ‘टीव्हीवर पण दाखवलं’ हा वेगळा पुरावा ठरला.

आता सासरे महिन्याभरानं का पालटले, याकडे येते. आठवणीत मजकूर आणि त्यावरची चिठ्ठी सारख्या टिकत नाहीत. ‘रेशन, तांदूळ, प्लास्टिक’ हे चित्र पक्कं बसतं. ‘हे खोटं आहे, सूनबाईनं दाखवलं होतं’ ही चिठ्ठी आधी गळते. कुठून कळलं हे विसरतं, काय कळलं हे उरतं. वय वाढलं की ही चिठ्ठी जरा लवकर गळते, असं २००५ च्या एका प्रयोगात दिसलं होतं: ‘हे खोटं आहे’ असं पुन्हा पुन्हा सांगितलेली विधानं तीन दिवसांनी वयस्क मंडळींना उलट खरी म्हणून आठवली. त्यावरून बरीच वर्षं आम्हाला भीती घातली जायची की खोट्याचं खंडन केलं की ते आणखी पसरतं. पुढच्या अभ्यासांत ही भीती फारशी टिकली नाही. स्पष्ट खंडनाचा फायदा होतो. फक्त तो विरत जातो. त्यामुळे तुमचं समजावणं वाया गेलं असं समजू नका. त्याचा असर उतरला आहे, एवढंच.

यातलं काही परिस्थितीवर अवलंबून आहे, ते सांगायला हवं. दावा अगदीच अचाट असेल तर एक-दोनदा ऐकण्यानं फरक पडत नाही. २०१८ च्या एका अभ्यासात ‘पृथ्वी पूर्ण चौकोनी आहे’ हे वाक्य पुन्हा दाखवून काही साधलं नाही, पण निवडणुकीतले खोटे मथळे मात्र एकदा आधी दिसल्यानं खरे वाटू लागले, अगदी त्यांवर ‘वादग्रस्त’ असा शेरा असतानाही. शिवाय दावा जर कोणाच्या पक्षाशी, जातीशी, धर्माशी बांधलेला असेल, तर तिथे पुनरावृत्ती हा खेळाचा लहान भाग असतो. तिथे माणूस चुकीच्या माहितीला धरून नसतो, आपल्या माणसांना धरून असतो. तांदळाचं तसं नाही, हे तुमचं नशीब समजा.

या तांदळाचीच गोष्ट जवळून बघू, कारण तिच्यात सगळं आहे. ‘प्लास्टिकचा तांदूळ’ हा शब्द रेशनच्या तांदळाच्या आधीचा आहे. २०१७ च्या जूनमध्ये हैदराबाद परिसरात ही अफवा जोरात होती, तपासलेला तांदूळ तांदूळच निघाला. त्याआधी चीनचं नाव घेऊन तिचे व्हिडिओ फिरत होतेच. म्हणजे शब्द कानाला सरावलेला होता. मग १५ ऑगस्ट २०२१ च्या भाषणात पंतप्रधानांनी सरकारी योजनांतून गुणसंवर्धित, म्हणजे फोर्टिफाइड तांदूळ देण्याची घोषणा केली आणि तो टप्प्याटप्प्यानं रेशन दुकानांत, शाळेच्या पोषण आहारात, अंगणवाड्यांत आला. यात तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक अ‍ॅसिड आणि बी-१२ जीवनसत्त्व मिसळून, ते यंत्रातून दाबून तांदळासारखे दाणे पाडतात आणि साध्या तांदळात साधारण शंभराला एक या प्रमाणात मिसळतात. हे दाणे रंगानं जरा वेगळे दिसतात, पाण्यात काही तरंगतात, दाताखाली वेगळे लागतात. आता विचार करा. पिढ्यान्‌पिढ्या तांदूळ निवडणाऱ्या बाईच्या सुपात शंभरात एक दाणा वेगळा दिसला. तिला ते दिसणारच, तिचे डोळे त्यासाठीच तयार झालेले आहेत. तिनं विचारलं, हे काय? बऱ्याच ठिकाणी दुकानदाराला सांगता आलं नाही, गोणीवरची बारीक अक्षरं कोणी वाचली नाहीत. उत्तराची जागा रिकामी होती आणि एक उत्तर आधीच ओळखीचं होऊन बसलं होतं.

म्हणून मी तिला अडाणी म्हणणार नाही. तिचं निरीक्षण बरोबर होतं, निष्कर्ष उसना होता.

त्यात एक खरा प्रश्नही दडलेला होता. थॅलेसेमिया आणि सिकलसेल या रक्ताच्या आजारांच्या रुग्णांनी लोह घातलेलं अन्न जपून घ्यावं, अशी सूचना एकेकाळी या तांदळाच्या पिशवीवर बंधनकारक होती. पुढे ती काढली गेली. गडचिरोलीसारख्या, सिकलसेलचे रुग्ण असलेल्या भागात लोकांनी याबद्दल विचारणं रास्तच होतं. असे प्रश्न ‘अफवा पसरवू नका’ म्हणून झटकले की सरकार सगळंच लपवतंय असं माणसं धरून चालतात. घरात असा रुग्ण असेल तर डॉक्टरांनाच विचारावं. तो विषय माझा नाही आणि व्हिडिओवाल्यांचा तर नाहीच.

‘काहीतरी असेल’ एवढ्यावर माणसं कुठपर्यंत जातात, हे महाराष्ट्रानं पाहिलेलं आहे. १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा गावी आठवडे बाजार होता. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागायला आले होते. ‘मुलं पळवणारी टोळी’ समजून जमावानं त्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून ठार मारलं. त्या महिन्यांत देशभर मुलं पळवण्याचे मेसेज फिरत होते. त्यांतली सर्वांत गाजलेली क्लिप, मोटरसायकलवरून आलेले दोघे रस्त्यावरचं पोर उचलून नेतात ती, कराचीत बनवलेल्या जनजागृतीच्या चित्रफितीचा तुकडा होती. मूळ फितीत ते पोराला परत आणून सोडतात आणि मुलांवर लक्ष ठेवा असा फलक दाखवतात. फिरवताना नेमका तेवढा भाग कापलेला होता. सीरियात २०१३ च्या रासायनिक हल्ल्यात मेलेल्या मुलांची दृश्यंही ‘अवयव काढलेली मुलं’ म्हणून फिरवली गेली. त्या जमावातल्या प्रत्येकाची खात्री झाली होती असं मला वाटत नाही. भीती असली की कमी खात्री पुरते, कारण चूक झाली तर आपलं पोर जाईल असं वाटत असतं. एप्रिल २०२० मध्ये पालघरच्या गडचिंचलेत दोन साधू आणि त्यांचा चालक मारले गेले. सप्टेंबर २०२२ मध्ये सांगलीच्या जत तालुक्यात लवंग्याला चार साधूंना मुलं चोरणारे समजून मारहाण झाली, ते वाचले. तीच अफवा, वेष फक्त बदललेला.

राईनपाड्याच्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात एक मेसेज एका वेळी पाच चॅटपुरताच पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणली, आणि एप्रिल २०२० मध्ये फार फिरलेल्या, दुहेरी बाणाच्या मेसेजला एकाच चॅटची. मला हा उपाय आवडतो, कारण तो खरं-खोटं ठरवायच्या फंदात न पडता नुसता घोष कमी करतो. पण कोणी क्लिप उतरवून नव्यानं चढवली की बाण गायब होतो, हेही ध्यानात ठेवा.

आता तुम्ही काय करावं. पुन्हा ‘बाबा, ते प्लास्टिकचं खोटं आहे हं’ असं म्हणू नका. त्या वाक्यात ठळक शब्द प्लास्टिक हाच आहे. आमच्या कामातही मी ‘रेशनमध्ये प्लास्टिकचा तांदूळ?’ असा प्रश्नार्थक मथळा जाऊ देत नाही. बरेच लोक मथळाच वाचतात, आणि त्यांच्यापुरती ती अफवेची आणखी एक फेरी असते. व्हायरल फोटो द्यावाच लागला तर त्याच्यावर आडवा शिक्का मारूनच देते, म्हणजे कापून पुन्हा वापरता येत नाही. तुम्ही घरी खरी गोष्ट आधी आणि तिच्या नावानं सांगा: ‘यात लोहाचे दाणे घालतात, ते असे दिसतात.’ वेगळा दाणा दिसला का, याचं उत्तर त्यांना हवंच आहे. नुसतं ‘नाही’ म्हटलं तर रिकाम्या जागेत जुनं उत्तर परत येतं.

मग त्यांना मुख्याध्यापक होऊ द्या. ताटात मूठभर तांदूळ घ्या, वेगळे दाणे त्यांनाच वेचू द्या. पाण्यात भिजवून बोटांत चुरडले की त्यांचं पीठ होतं. घरात टिंक्चर आयोडीन असेल तर भिजलेल्या दाण्यावर एक थेंब टाका. पिठूळ पदार्थ निळाकाळा पडतो, प्लास्टिक पडत नाही. हा प्रयोग त्यांनी वर्गात नक्की केलेला असणार. तो तांदूळ मग टाकून द्या, शिजवू नका. भावाचा हिशेबही त्यांनाच करू द्या: प्लास्टिकचा दाणा तांदळापेक्षा महाग पडतो, मग फुकट वाटायच्या तांदळात तो घालून कोणाचा फायदा? स्वतः केलेल्या गोष्टीची चिठ्ठी लवकर गळत नाही, असा माझा अनुभव आहे. आणि काकूंना हे समजावण्याचं काम त्यांच्याकडेच सोपवा. पुनरावृत्ती खऱ्यालाही तेवढीच लागू पडते. त्यांनी चार जणांना ‘लोहाचे दाणे’ सांगितलं की तोच शब्द ओळखीचा होतो.

पुढच्या मेसेजसाठी एकच सवय लावता आली तर बघा. नादिया ब्रॅशियर आणि सहकाऱ्यांच्या २०२० च्या अभ्यासात, पहिल्यांदा वाचतानाच ‘हे खरं आहे का?’ असं ठरवायला लावलं, तर ज्यांना मुळात उत्तर माहीत होतं त्यांच्यावर नंतरच्या पुनरावृत्तीचा परिणाम झाला नाही. कपाट पहिल्याच वेळी उघडलं गेलं. म्हणून मेसेज आला की वाद घालू नका, विचारा: ‘बाबा, तुम्हाला काय वाटतं, खरं असेल?’ सुनेनं चूक काढणं आणि सुनेनं मत विचारणं यांत किती अंतर आहे, ते मी तुम्हाला सांगायला नको.

प्रत्येक मेसेजच्या मागे मात्र लागू नका. ‘युनेस्कोनं आपलं राष्ट्रगीत जगात सर्वोत्तम ठरवलं’ हे दर ऑगस्टला येतं. खोटं आहे, पण त्यानं कोणाचं काही बिघडत नाही, मी स्वतः घरच्या ग्रुपवर ते सोडून देते. दोन प्रकारांत मात्र भीड ठेवू नका: कोणाचं औषध बंद करायला सांगणारा मेसेज, आणि गावात अमुक वेषातले लोक फिरताहेत असं सांगणारा. पहिला आला तर डॉक्टरांना दाखवा. दुसरा आला तर ग्रुपवर चर्चा न करता पोलीस ठाण्यात विचारा, आणि कोणाला अडवून ठेवल्याचं कळलं तर लगेच ११२ लावा. त्या वेळी सासऱ्यांना काय वाटतं हे नंतर बघता येईल.